लॉर्ड डफरीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॉर्ड डफरीन म्हणजे नेमके कोण?

१८८४ ते १८८८ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले ब्रिटिश उमराव. आपल्याकडे त्यांची ओळख एवढ्यावरच थांबते, आणि त्यामुळे माणूस अर्धामुर्धाच कळतो. त्याआधी ते कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते, रशिया आणि तुर्कस्तानात राजदूत होते, इजिप्तच्या कारभाराचा आराखडा त्यांनी लिहिला होता. भारतातून गेल्यावर रोम आणि पॅरिस इथे ते राजदूत झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश साम्राज्याला जिथे जिथे पेच पडला, तिथे बहुतेक ठिकाणी हा माणूस पाठवलेला दिसतो. म्हणूनच साम्राज्य कसं चालायचं हे समजून घ्यायला त्यांचं चरित्र उपयोगी आहे.

त्यांचं नाव निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळं का दिसतं?

जन्मनाव फ्रेडरिक ब्लॅकवुड. १८६२ मध्ये हॅरिएट रोवन-हॅमिल्टन यांच्याशी लग्न झालं, तेव्हा 'हॅमिल्टन' जोडलं गेलं. पुढे 'टेंपल'ही आलं. पदव्याही चढत गेल्या: आधी बॅरन, १८७१ मध्ये अर्ल, १८८८ मध्ये मार्क्विस ऑफ डफरीन अँड आवा. यातलं 'आवा' हे ब्रह्मदेशातल्या जुन्या राजधानीचं नाव. ते त्यांच्या पदवीत कसं आलं, ते पुढे येईलच.

ते इंग्रज होते की आयरिश?

घराणं उत्तर आयर्लंडमधलं. बेलफास्टजवळ क्लँडेबॉय ही त्यांची जहागीर. जन्म मात्र इटलीत, फ्लॉरेन्सला, २१ जून १८२६ रोजी. आयर्लंडमध्ये प्रोटेस्टंट जमीनदारांचा जो वर्ग होता, जमीन कसणारी कुळं आयरिश आणि निष्ठा लंडनला, त्यातले ते होते. स्वतःला ते आयरिश म्हणवून घेत, पण आयर्लंडला स्वराज्य देण्याच्या ते विरोधात होते.

आई हेलन ही नाटककार शेरिडन यांची नात. स्वतः गीतकार, रूपवान आणि हजरजबाबी. वडील नौदलातले अधिकारी. १८४१ मध्ये लिव्हरपूलहून बेलफास्टला येताना बोटीवर मॉर्फिनची मात्रा चुकून जास्त झाली आणि ते गेले. पंधराव्या वर्षी मुलगा जहागीरदार झाला. आईवर त्यांचा अतोनात जीव होता. क्लँडेबॉयला त्यांनी तिच्या नावाने एक मनोरा बांधला. १८६१ मध्ये तो पुरा झाला आणि त्यावर इंग्रज कवी टेनिसनने कविता लिहिली. डफरीन यांची बोलण्याची हातोटी, समोरच्याला क्षणात आपलंसं करण्याची कला, ही आईकडून आलेली, असंच मला वाटतं.

आयर्लंडच्या दुष्काळाशी त्यांचा काय संबंध?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, पण खरं तर इथूनच सुरुवात करायला हवी. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. गरिबांचं सगळं जेवण बटाट्यावर चालायचं, त्यामुळे माणसं अक्षरशः उपाशी मरू लागली. १८४७ च्या सुरुवातीला ऑक्सफर्डमध्ये शिकणारे वीस वर्षांचे डफरीन एका मित्राला घेऊन देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॉर्क परगण्यातल्या स्किबरीन गावी गेले. हे गाव दुष्काळाच्या भीषणतेसाठी तेव्हा कुप्रसिद्ध झालं होतं. तिथली उपासमार, ताप आणि पुरायला कोणी नसलेली प्रेतं त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि परतल्यावर त्याचं वर्णन पुस्तिका म्हणून छापलं. तिच्या विक्रीचा पैसा दुष्काळग्रस्तांसाठी होता.

त्या पुस्तिकेतली कळकळ खोटी नाही. पण पुढे जमीन कसणाऱ्याला जमिनीवर हक्क द्यावा की नाही, हा वाद पार्लमेंटमध्ये पेटला तेव्हा ते जमीनदारांच्या बाजूने लिहीत आणि बोलत राहिले. कुळांशी ते उदारपणे वागत. मात्र ही उदारता मालकाच्या मर्जीने यावी, कायद्याने नव्हे, असा त्यांचा आग्रह. दया करायची पण अधिकार द्यायचा नाही, ही त्यांच्या आयुष्यातली धारणा इथे पहिल्यांदा दिसते, आणि भारतात आल्यावरही ती बदलली नाही.

राजकारणात ते कुठल्या पक्षाचे?

लिबरल. १८६४ ते १८६६ भारतविषयक खात्याचे उपमंत्री, मग काही काळ युद्धखात्यात, आणि १८६८ पासून पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या सरकारात डची ऑफ लँकॅस्टरचे चॅन्सलर, हेही एक मंत्रिपदच. पक्षाच्या राजकारणात ते फार वर गेले नाहीत.

त्यांनी उत्तर ध्रुवाकडे सफर केली होती, हे खरं का?

ध्रुवापर्यंत नाही, पण बरंच उत्तरेला. १८५६ मध्ये 'फोम' नावाच्या छोट्या शिडाच्या जहाजातून ते आइसलँड, यान मायेन बेट आणि स्पिट्सबर्गेन असे फिरून आले. आईला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात त्यांनी त्याचं पुस्तक केलं आणि ते खूप खपलं. आइसलँडच्या मेजवानीत शाळेत पाठ केलेल्या लॅटिन वाक्यांची मोट बांधून त्यांनी केलेल्या भाषणाचा प्रसंग त्यात आहे. मुत्सद्दी म्हणून नाव होण्याआधी लोकांना ते या पुस्तकामुळे माहीत झाले.

मुत्सद्देगिरीतलं त्यांचं पहिलं मोठं काम कोणतं?

लेबनॉन. १८६० मध्ये तिथल्या डोंगराळ मुलखात द्रुझ पंथाचे लोक आणि मॅरोनाइट पंथाचे ख्रिस्ती यांच्यात भयंकर कत्तली झाल्या, दमास्कसमध्येही ख्रिश्चनांचं शिरकाण झालं. मुलूख तुर्की सुलतानाचा. फ्रान्सने ख्रिश्चनांच्या रक्षणासाठी म्हणून सैन्य उतरवलं. ब्रिटन, फ्रान्स, रशिया, ऑस्ट्रिया आणि प्रशिया यांचा एक संयुक्त आयोग बैरुतला बसला आणि त्यात ब्रिटनतर्फे डफरीन गेले. वय चौतीस.

गुंतागुंत अशी, की फ्रान्सला लेबनॉन आपल्या छत्राखाली हवं होतं आणि ब्रिटनला ते होऊ द्यायचं नव्हतं. सगळ्या द्रुझ समाजाला सरसकट शिक्षा करण्यालाही डफरीन यांनी विरोध केला. शेवटी १८६१ मध्ये तोडगा निघाला. लेबनॉन सुलतानाच्याच राज्यात राहील, पण त्याला स्वतंत्र कारभार मिळेल. राज्यपाल ख्रिस्ती असेल, मात्र तो लेबनॉनबाहेरचा असेल. ही घडी पहिल्या महायुद्धापर्यंत टिकली. माझ्या मते डफरीन यांच्या हातून झालेलं हे सर्वांत चांगलं काम. दुसऱ्यांच्या भांडणात मध्यस्थी करताना त्यांची बुद्धी जशी चालत असे, तशी स्वतःच्या हाती सत्ता असताना चालली नाही.

कॅनडात त्यांचं नाव इतकं का घेतलं जातं?

१८७२ ते १८७८ ते तिथे गव्हर्नर जनरल होते. कॅनडाचं संघराज्य तेव्हा जेमतेम पाच वर्षांचं. आल्या आल्या त्यांच्यासमोर रेल्वेचं प्रकरण आलं. पॅसिफिक रेल्वेचा ठेका हवा असलेल्या ह्यू ॲलन या उद्योगपतीने पंतप्रधान मॅकडॉनल्ड यांच्या पक्षाला निवडणुकीसाठी मोठ्या रकमा दिल्याचं उघड झालं. डफरीन यांना मॅकडॉनल्ड मनापासून आवडायचे. त्यांनी पार्लमेंटचं अधिवेशन संस्थगित केलं, चौकशी आयोग नेमला, त्यासाठी टीकाही सोसली, आणि १८७३ च्या नोव्हेंबरात मॅकडॉनल्ड पायउतार झाले.

याच रेल्वेला उशीर झाल्यामुळे ब्रिटिश कोलंबिया प्रांत संघराज्यातून फुटायच्या गोष्टी करू लागला. १८७६ मध्ये डफरीन स्वतः तिकडे गेले. व्हिक्टोरिया शहरात स्वागताच्या एका कमानीवर फुटून निघण्याची धमकी लिहिलेली होती. तिच्याखालून जायला त्यांनी नकार दिला, दुसऱ्या रस्त्याने गेले, आणि नंतर लोकांना भेटून त्यांच्या तक्रारी शांतपणे ऐकल्या.

क्वेबेक शहराची जुनी तटबंदी पाडायला घेतली होती, ती त्यांच्या आग्रहामुळे वाचली. आज ते शहर जागतिक वारसास्थळ आहे आणि तिथल्या नदीकाठच्या प्रशस्त सज्जाला 'डफरीन टेरेस' म्हणतात.

रशिया, तुर्कस्तान, इजिप्त इथे त्यांनी काय केलं?

१८७९ मध्ये विरोधी पक्षाचे पंतप्रधान डिझरायली यांनी त्यांना सेंट पीटर्सबर्गला पाठवलं. त्यांची किंमत दोन्ही पक्ष जाणून होते. झार दुसरा अलेक्झांडर मार्च १८८१ मध्ये बॉम्बने मारला गेला तेव्हा ते तिथेच होते. त्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलला बदली झाली.

पुढल्या वर्षी इजिप्तमध्ये कर्नल उराबी यांचा उठाव झाला. इजिप्त नावाला सुलतानाचा, म्हणून सुलतान सैन्य पाठवतो म्हणाला. ब्रिटनला ते नको होतं, पण सरळ नाही म्हणणंही अवघड. डफरीन वाटाघाटी लांबवत राहिले, एकेका कलमावर घोळ घालत राहिले, आणि तोवर सप्टेंबर १८८२ मध्ये तेल-अल-कबीरच्या लढाईत ब्रिटिश फौजेने उराबींचा पराभव केला. मग तेच कैरोला गेले. उराबींची फाशी टळून त्यांची रवानगी सिलोनला झाली. १८८३ च्या अहवालात डफरीन यांनी इजिप्तसाठी कायदेमंडळ वगैरे सुचवलं, पण खरी सत्ता ब्रिटिशांच्याच हातात राहिली.

व्हाइसरॉय म्हणून ते कसे होते?

डिसेंबर १८८४ मध्ये त्यांनी आधीचे व्हाइसरॉय रिपन यांच्याकडून सूत्रं घेतली. रिपन हिंदी लोकांत फार प्रिय आणि गोऱ्या लोकांत तितकेच अप्रिय. दोघांनाही शांत करणं हे डफरीन यांच्यावर सोपवलेलं काम. चार महिन्यांत रशियन सैन्याने अफगाण सरहद्दीवरच्या पंजदेह इथे अफगाणांवर हल्ला केला. अमीर अब्दुर रहमान तेव्हा रावळपिंडीला डफरीन यांचेच पाहुणे होते. इंग्लंड-रशिया युद्ध आता पेटणार असं सगळे धरून चालले होते. अमीराने आणि डफरीन यांनी डोकं शांत ठेवलं, सरहद्द आखायचं ठरलं आणि युद्ध टळलं.

मराठी वाचकांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट: १८५८ पासून इंग्रजांच्या ताब्यात असलेला ग्वाल्हेरचा किल्ला १८८६ मध्ये जयाजीराव शिंद्यांना परत मिळाला. बदल्यात झाशी शहर इंग्रजांकडे गेलं. जयाजीराव त्याच वर्षी वारले.

वयाच्या साठीला आलेला हा माणूस इथे फारसी शिकत होता, हेही नोंदवायला हवं.

काँग्रेसची स्थापना डफरीन यांनीच करवली का?

नाही. हा समज कसा पसरला ते समजून घेण्यासारखं आहे. काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी यांनी १८९८ मध्ये लिहिलं, की निवृत्त इंग्रज अधिकारी ॲलन ह्यूम यांच्या मनात सामाजिक प्रश्नांवरची परिषद होती. ती राजकीय करावी, म्हणजे सरकारला लोकांचं मत कळेल, असं डफरीन यांनीच सुचवलं. काँग्रेस म्हणजे इंग्रजांनी वाफ जायला ठेवलेली झडप, ही कल्पना या आठवणीमुळे बळावली आणि परीक्षेच्या उत्तरांतून अजून फिरते.

डफरीन यांचे खाजगी कागद पुढे अभ्यासकांना पाहायला मिळाले आणि चित्र बदललं. मे १८८५ मध्ये त्यांनी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांना लिहिलेल्या पत्रात ह्यूम यांच्या बेताविषयी शंका आहे, सावधगिरीचा इशारा आहे. जनक असं पत्र लिहीत नाही. ह्यूम त्यांना भेटले होते आणि त्यांना बेत ठाऊक होता, एवढंच म्हणता येतं.

पहिलं अधिवेशन पुण्यात व्हायचं होतं. तिथे पटकीची साथ आली म्हणून ते मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत २८ डिसेंबर १८८५ पासून भरलं. पुढच्या वर्षी कलकत्त्याला आलेल्या प्रतिनिधींना डफरीन यांनी उपाहाराला बोलावलं, पण 'काँग्रेसचे प्रतिनिधी' म्हणून नव्हे, शहरात आलेले मान्यवर पाहुणे म्हणून. आणि ३० नोव्हेंबर १८८८ ला, निघता निघता, कलकत्त्यातल्या स्कॉटिश लोकांच्या मेजवानीत त्यांनी सुशिक्षित हिंदी लोकांना 'सूक्ष्मदर्शकातून दिसेल एवढा अल्पसंख्य वर्ग' म्हटलं. ते शब्द लोकांच्या जिव्हारी लागले.

त्याच महिन्यात त्यांनी लंडनला गुप्तपणे शिफारस पाठवली होती, की प्रांतांच्या कौन्सिलांत हिंदी सभासद वाढवावेत. १८९२ चा कौन्सिलांविषयीचा कायदा घडण्यात तिचा वाटा आहे. जे द्यायचं मनात आहे तेही मागणाऱ्याचा अपमान करून द्यायचं, याचा राग मला आजही येतो.

ब्रह्मदेश त्यांनी का खालसा केला? आणि थिबा राजा रत्नागिरीला कसा आला?

त्यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा निर्णय, आणि सर्वांत अन्यायाचाही.

उत्तर ब्रह्मदेशात थिबा राजा मंडाले इथून राज्य करत होता. तिथल्या सागवानाच्या जंगलांचा मक्ता बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीकडे होता. ठरल्यापेक्षा जास्त ओंडके नेऊन कर बुडवला, असा ठपका ठेवून १८८५ मध्ये दरबाराने कंपनीला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड केला. याच सुमारास थिबाने फ्रान्सशी करार केल्यामुळे लंडनमध्ये अस्वस्थता होती. रंगूनच्या व्यापाऱ्यांना अख्खा देश बाजारपेठ म्हणून हवा होता, आणि भारतमंत्री रँडॉल्फ चर्चिल उतावीळ झाले होते. दंडाचं प्रकरण हे निमित्त झालं. ऑक्टोबरमध्ये निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरच्या मध्याला जनरल प्रेंडरगास्ट यांची फौज इरावतीतून वर सरकली, आणि जेमतेम दोन आठवड्यांत थिबा शरण आला. १ जानेवारी १८८६ च्या जाहीरनाम्याने त्याचं राज्य ब्रिटिशांच्या ताब्यात गेलं.

तारखा जुळवून पाहा. नुकतंच मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन संपलं होतं आणि त्यात ब्रह्मदेश खालसा करण्याविरुद्ध ठराव झाला होता. त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. राजधानी सहज पडली तरी खेड्यापाड्यांतला लढा पुढे कित्येक वर्षं चालला, गावं जाळली गेली, आणि खर्च बसला हिंदुस्थानच्या तिजोरीवर. १८८६ मध्ये प्राप्तिकर आला, १८८८ मध्ये मिठावरचा कर वाढला. कोकणातल्या किंवा वऱ्हाडातल्या ज्या माणसाने मंडालेचं नावही ऐकलं नव्हतं, त्याच्या जेवणातल्या मिठाला त्याची झळ बसली.

थिबा, राणी सुपायालत आणि मुली यांना आधी मद्रासला आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. समुद्रकाठचं, रेल्वेपासून दूरचं गाव. पळून जाण्याची भीती कमी. आज पर्यटक पाहतात तो थिबा राजवाडा १९१० मध्ये तयार झाला, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षं राजा भाड्याच्या बंगल्यांत राहिला. डिसेंबर १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला. त्याची समाधीही तिथेच आहे. तिच्याकडे मात्र राजवाड्याइतकी माणसं जात नाहीत. रत्नागिरीला गेलात तर जरूर जा.

आणि डफरीन यांना १८८८ मध्ये मिळालेल्या पदवीत जिंकलेल्या राज्याच्या जुन्या राजधानीचं नाव घातलं गेलं.

सोलापूरचा डफरीन चौक, अमरावतीचं डफरीन रुग्णालय ही नावं त्यांचीच का?

नाव घराण्याचं, पण रुग्णालयांमागचं काम त्यांच्या पत्नीचं. भारतात येण्याआधी व्हिक्टोरिया राणीने लेडी डफरीन यांना इथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय हालांकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं. १८८२ मध्ये पुण्यात शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगासमोर पंडिता रमाबाईंनी स्त्री डॉक्टरांची गरज ठासून मांडली होती, आणि ती साक्ष राणीपर्यंत पोहोचली असं रमाबाईंच्या चरित्रांत सांगितलं जातं. पुरुष डॉक्टरने तपासायचं नाही म्हणून बाळंतपणात बायका मरत होत्या, हे त्या काळाचं साधं वास्तव होतं.

१८८५ मध्ये लेडी डफरीन यांनी देशव्यापी संस्था काढली. लोक तिला 'डफरीन फंड' म्हणू लागले. स्त्रियांना डॉक्टर, परिचारिका आणि सुईणी म्हणून शिकवायचं, त्यासाठी शिष्यवृत्त्या द्यायच्या, आणि बायकांसाठी वेगळे दवाखाने उघडायचे, असं काम. त्यात धर्मप्रसार नव्हता, म्हणून संस्थानिकांनी आणि सावकारांनी मोकळ्या हाताने देणग्या दिल्या. कलकत्त्याला पहिल्या हिंदी स्त्री डॉक्टरांपैकी एक कादंबिनी गांगुली लेडी डफरीन रुग्णालयात नोकरीला होत्या. उणिवाही होत्या: वरच्या जागा बहुधा युरोपीय बायकांकडे जात, आणि स्त्री डॉक्टरांवर हुकमत पुरुष सिव्हिल सर्जनची असे.

मुंबईचं कामा रुग्णालय मात्र या फंडाचं नाही. अमेरिकी व्यापारी किट्रिज आणि पारशी समाजसुधारक सोराबजी शापुरजी बंगाली यांनी त्याआधीच मुंबईत वेगळा निधी उभारला होता, त्या चळवळीतून ते उभं राहिलं. हे श्रेय मुंबईकरांचं आहे.

अमरावतीत आजही जिल्हा स्त्री रुग्णालयाला लोक सरळ 'डफरीन' म्हणतात. नवऱ्याच्या राजकारणाबद्दल माझं मत वर आलंच आहे; बायकोच्या कामाबद्दल मला आदर आहे.

शिमल्याचा व्हाइसरॉय वाडा त्यांनी बांधला का?

हो, ऑब्झर्व्हेटरी हिलवरचा. बांधकामात ते जातीने लक्ष घालत. १८८८ च्या जुलैमध्ये, विजेच्या दिव्यांसकट, ते तिथे राहायला गेले आणि वर्षअखेर भारत सोडून निघाले. आता तिथे उच्च अभ्यास संस्था आहे.

त्यांचा शेवट वाईट झाला म्हणतात, तो कसा?

पैशांमुळे. आयुष्यभर ते ऐपतीपेक्षा जास्त खर्च करत आले. मेजवान्या, इमारती, पदाचा थाट यांत १८७५ च्या सुमारास कर्ज जवळजवळ ३ लाख पौंडांवर गेलं होतं आणि जहागिरीचा मोठा भाग विकावा लागला होता. १८९६ मध्ये पॅरिसहून निवृत्त झाल्यावर उत्पन्न आटलं. १८९७ मध्ये व्हिटेकर राइट नावाच्या खाणउद्योजकाने त्यांना लंडन अँड ग्लोब या कंपनीचं अध्यक्षपद दिलं. राइटला हवं होतं ते फक्त नाव. त्या नावावर विश्वास ठेवून असंख्य साध्या माणसांनी समभाग घेतले. हिशेबातली लबाडी डफरीन यांना कळत नव्हती.

१९०० च्या जानेवारीत थोरला मुलगा आर्ची दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात लेडीस्मिथला जखमी होऊन मेला. डिसेंबरअखेर कंपनी बुडाली. आणखी एक मुलगाही आफ्रिकेत जखमी झाल्याची बातमी आली होती आणि डफरीन राजीनामा देऊन निघणार होते. पण कंपनी बुडताच त्यांनी राजीनामा मागे घेतला आणि जानेवारी १९०१ मध्ये संतापलेल्या भागधारकांच्या सभेला स्वतः उभे राहिले. तोंड लपवलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. पण ज्यांची पुंजी गेली त्यांना ती परत मिळाली नाही. १२ फेब्रुवारी १९०२ ला ते क्लँडेबॉयला वारले. राइटला १९०४ मध्ये शिक्षा झाली आणि न्यायालयाच्या इमारतीतच त्याने विष घेतलं.

घराण्याचं पुढे काय झालं?

लेडी डफरीन १९३६ पर्यंत जगल्या. नातू बेसिल, चौथे मार्क्विस, १९४५ च्या मार्चमध्ये जपान्यांविरुद्धच्या लढाईत ब्रह्मदेशात मारले गेले. पाचव्या मार्क्विसना मूल नव्हतं. १९८८ मध्ये त्यांच्यासोबत ती पदवी संपली. डफरीन यांचे कागदपत्र बेलफास्टच्या सरकारी दफ्तरखान्यात आहेत.

मुंबईच्या 'डफरीन' बोटीचा या सगळ्याशी संबंध आहे का?

फक्त नावापुरता. 'डफरीन' हे आधी सैन्य वाहून नेणारं जहाज होतं. १९२७ पासून मुंबई बंदरात त्यावर व्यापारी जहाजांवरच्या हिंदी अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण सुरू झालं. तोवर ही कामं गोऱ्यांसाठीच राखल्यासारखी होती. १९७२ मध्ये तिची जागा 'राजेंद्र' या जहाजाने घेतली. तिथे शिकलेले जुने दर्यावर्दी अजूनही स्वतःला अभिमानाने 'डफरीनचे' म्हणवतात.